ज्यांच्यापाशी नुसते बसले तरी बरे वाटते

पाऊलवाट

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली होती आणि ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितली नव्हती. रोज सकाळी ठरलेल्या वेळी बाहेर पडायचे, दिवसभर कुठेतरी बसून राहायचे आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी परतायचे, असे जवळजवळ दीड महिना चालले होते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी राहत असत. नात्याने त्या माझ्या कोणीही नव्हत्या. जाता-येता हसून दोन शब्द बोलण्याइतकीच ओळख होती. एका संध्याकाळी त्यांनी मला दारातून हाक मारली आणि विचारले, "जरा या सुईत दोरा ओवून देशील का गं?" मी ओवून दिला. त्यांनी दुसरी सुई पुढे केली, मग तिसरी. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून आठवडाभराच्या सुया एकदमच ओवून ठेवते, असे त्या म्हणाल्या. दहा-बारा सुया झाल्यावर त्यांनी डबीचे झाकण लावले आणि म्हणाल्या, "आठ दिवसांची सोय झाली माझी."

आपला कोणाला काही उपयोग उरलेला नाही, अशी खात्री ज्या दिवसांत मनात घट्ट बसली होती, त्या दिवसांतले हे एवढेच वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुढच्या आठवड्यात मी आपण होऊन गेले. त्यांनी माझी चौकशी केली नाही, चेहरा का उतरला आहे असे विचारले नाही. स्वतःच्या लहानपणीची एक गोष्ट सांगता सांगता त्या इतक्या मनापासून हसल्या की मलाही हसू आले, आणि कित्येक दिवसांत आपण हसलो नव्हतो हे त्या क्षणी माझ्या लक्षात आले. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललीस. एकदा बोललं की दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं." त्याच रात्री मी घरी सांगितले.

त्यानंतर अशी प्रेमळ, हसतमुख, वयाने मोठी माणसे दिसली की मी त्यांच्याकडे मुद्दाम लक्ष देऊ लागले. मला असे जाणवले की त्यांची ऊब गोड बोलण्यात नसते. गोड बोलणारी माणसे सगळ्याच वयात भेटतात. या माणसांना आपल्याकडून काही मिळवायचे नसते, आपल्याला काही पटवूनही द्यायचे नसते, आणि त्यांच्यासमोर बोलताना आपले वाक्य अर्धवट राहिले तरी ते पुरे होईपर्यंत त्या थांबायला तयार असतात. सल्ला मागितला नाही तर देत नाहीत. मात्र तीन महिन्यांपूर्वी आपण सहज बोललेली एखादी किरकोळ गोष्ट त्यांच्या लक्षात असते, आणि "त्या गुडघ्याचं काय झालं मग?" असे त्या विचारतात तेव्हा आपण कोणाच्या तरी मनात जागा धरून आहोत, हे कळते.

मला प्रश्न असा पडतो की हे येते कुठून? काही जणांचा स्वभावच तसा असतो, की चार पावसाळे जास्त पाहिल्यामुळे माणूस तसा होतो? आपले अनुभव आणि याविषयी काही वाचले असल्यास तेही लिहावे.

मोरपीस

फार चांगला विषय आहे. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल मानसशास्त्रात बरेच काम झालेले आहे, आणि त्यातले मला सर्वांत पटलेले काम स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांचे आहे. त्यांचे म्हणणे असे की माणूस कोणासोबत आणि कशासाठी वेळ घालवतो, हे त्याच्या वयावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते, आपल्यापुढे किती काळ उरला आहे असे त्याला वाटते, यावर अवलंबून असते. पुढे भरपूर काळ आहे असे वाटत असते तेव्हा माणूस नव्या ओळखी, नवी माहिती आणि पुढे उपयोगी पडेल असे सगळे गोळा करतो. काळ मोजका आहे असे वाटू लागले की तो गोळा करणे थांबवतो आणि आत्ता, या क्षणी ज्याला अर्थ आहे त्याकडे वळतो.

त्यांच्या गटाने केलेला एक साधा प्रयोग मला फार आवडतो. लोकांना विचारले गेले की अर्धा तास मोकळा मिळाला तर तो कोणासोबत घालवाल: जवळच्या नातेवाइकासोबत, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकासोबत, की ज्याच्याशी पुढे मैत्री होऊ शकेल अशा नव्या ओळखीच्या माणसासोबत? वयस्क माणसांनी मोठ्या संख्येने जवळचा माणूस निवडला, तर तरुणांची निवड विखुरलेली होती. पण तुम्ही लवकरच एकटेच दूर निघून जाणार आहात अशी कल्पना करायला सांगितल्यावर तरुणही वृद्धांसारखेच निवडू लागले. उलट, नव्या वैद्यकीय शोधामुळे तुम्हाला अपेक्षेपेक्षा वीस वर्षे अधिक मिळणार आहेत अशी कल्पना करायला सांगितल्यावर वृद्धांचा कल तरुणांसारखा झाला. म्हणजे केस पांढरे होणे हे मूळ कारण नव्हतेच; काळाकडे पाहण्याची नजर हे कारण होते.

तुमच्या आजींनी तुम्हाला जो अर्धा तास दिला, तो त्यांच्या दृष्टीने मोजक्या अर्ध्या तासांपैकी एक होता, हे लक्षात घेतले की त्या देण्याचे मोल कळते. आणखी एक गोष्ट सांगतो. २०२० च्या एप्रिलमध्ये, महासाथीच्या अगदी सुरुवातीला, याच गटाने अमेरिकेतील १८ ते ७६ वयाच्या ९४५ जणांना त्यांच्या भावनांविषयी विचारले. आजाराचा धोका वयस्कांना अधिक होता आणि त्याची त्यांना जाणीवही होती, तरीही त्यांनी तरुणांपेक्षा अधिक चांगल्या आणि कमी त्रासदायक भावना नोंदवल्या. भीतीच्या काळात घरातली मोठी माणसे स्थिर राहिली, असे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते केवळ वरवरचे धैर्य नव्हते.

वाटसरू

माझ्या पहिल्या नोकरीत निवृत्तीला आलेले एक सहकारी होते. माझ्या हातून एकदा मोठी चूक झाली, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी एवढेच विचारले, "मी याच खुर्चीवर बसून केलेली याहून मोठी चूक सांगू का?" आणि त्यांनी ती खरोखरच सविस्तर सांगितली. आज माझ्या हाताखाली तरुण मुले काम करतात आणि मला ते वाक्य वारंवार आठवते. स्वतःची चूक अशी मोकळेपणाने दुसऱ्याच्या स्वाधीन करायला फार मोठे मन लागते, आणि चाळिशीत ते माझ्याजवळ नाही, हे मी रोज पाहतो.

शुक्रतारा

मी जे लिहिणार आहे ते या चर्चेच्या सुराशी जुळणारे नाही, तरी लिहिते.

माझे वडील असेच होते. ज्यांच्याभोवती मुले जमत, ज्यांच्या नुसत्या आवाजाने घर जागे होत असे, असे. गेल्या दोन वर्षांत ते पार बदलले आहेत. हसत नाहीत, बोलणे जवळजवळ थांबले आहे, आणि जे बोलतात ते इतके हळू की दोनदा विचारावे लागते. दोनदा विचारले की ते गप्प बसतात. हात थरथरतो म्हणून डॉक्टरांकडे नेले तेव्हा कंपवाताचे निदान झाले, औषधे सुरू आहेत, पण चेहऱ्यावरचे हे उदास, रागावलेले भाव जात नाहीत. माझा सात वर्षांचा मुलगा आता त्यांच्या खोलीत जायला कचरतो. आजोबा माझ्यावर रागावले आहेत, असे तो म्हणतो.

प्रेमळ आणि हसतमुख वृद्धांचे हे कौतुक वाचताना मला आनंद झाला आणि त्याच वेळी कुठेतरी लागलेही. जे हसू शकत नाहीत त्यांचे काय? वृद्धांनी हसतमुख असावे अशी अपेक्षा आपण करू लागलो, तर ज्यांचे गुडघे रात्रभर ठणकतात, ज्यांचे जोडीदार गेले आहेत, ज्यांना झोप लागत नाही, त्यांच्यावर तो आणखी एक भार होईल असे मला वाटते. म्हातारपणातही कोणीतरी आपल्याला गुण देत आहे, असे त्यांना वाटू नये.

निळे आभाळ

शुक्रतारा, तुमचा प्रतिसाद वाचून तातडीने लिहायला बसले आहे. मी अनेक वर्षे रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि त्यातली बरीच वर्षे वृद्ध रुग्णांमध्ये गेली आहेत. तुमच्या वडिलांना मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्यांच्याविषयी निश्चित काही सांगण्याचा मला अधिकार नाही, परंतु एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली आहे की नाही याची मला शंका वाटते, म्हणून सांगते.

कंपवातात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि त्यामुळे हालचाली आपोआप होण्याची जी सोय शरीरात असते ती मंदावते. आपण चालताना हात आपोआप हलतात, त्यांचे हलणे कमी होते. अक्षर बारीक होत जाते. आवाज हळू होतो, आणि विशेष म्हणजे रुग्णाला स्वतःला तो नेहमीइतकाच मोठा वाटत असतो, त्यामुळे समोरचा माणूस "काय?" असे का विचारतो आहे हे त्याला कळत नाही. याच कारणाने चेहऱ्याचे स्नायूही ताठर होतात आणि पापण्यांची उघडझाप कमी होते. चेहरा मुखवट्यासारखा स्थिर दिसतो. समोरच्याला वाटते की हा माणूस रागावला आहे, कंटाळला आहे किंवा याला आपल्याशी काही देणेघेणे उरलेले नाही. प्रत्यक्षात आत माया जशीच्या तशी असू शकते. ती चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

माझ्या वॉर्डात असे एक गृहस्थ होते. ते हसत नसत म्हणून नव्या परिचारिका त्यांच्याकडे जायला नाखूश असत. एकदा रात्रपाळीत मी त्यांच्या शेजारी बसून नोंदी करत होते, तेव्हा त्यांनी मला अतिशय हळू आवाजात एक गमतीदार प्रसंग सांगितला. एकही रेषा न हलवता त्यांनी तो सांगितला आणि मी हसल्यावर म्हणाले, "मी पण हसतोय." हे तीन शब्द मी पुढे प्रत्येक नव्या परिचारिकेला सांगत आले.

हे झाले चेहऱ्याविषयी. मात्र कंपवातात नैराश्यही वारंवार आढळते आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात: हा चेहरा आजाराचा आहे की मन उदास आहे, आणि आवाजासाठी वाचा-उपचार देता येतील का. वयस्क माणसाचे उदास राहणे वयाला धरूनच असते, असे समजून सोडून देण्याची चूक मी असंख्य घरांत पाहिली आहे. नैराश्य हा आजार आहे आणि सत्तराव्या किंवा ऐंशीव्या वर्षीही त्यावर उपचार होतात.

आणि शुक्रतारा यांच्यासाठीच नव्हे, तर सर्वांसाठीच ऐकू येण्याविषयी थोडेसे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार साठीपुढच्या चारातल्या एकाहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण येईल इतकी श्रवणहानी असते. वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स्वर कानावर पडतात, पण 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात. कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. अशा माणसाला चारचौघांतल्या गप्पा म्हणजे सततची परीक्षा असते आणि तो हळूहळू कोपऱ्यात सरकतो. मग आपण म्हणतो की आजी अलीकडे तुसड्या झाल्या आहेत. ओरडून बोलल्याने आवाज आणखी फाटतो. समोर बसून, चेहरा दिसेल असे, थोडे सावकाश आणि किंचित खालच्या पट्टीत बोलावे, आणि त्याआधी दूरदर्शन संच बंद करावा. एवढ्याने जुना मिश्किल माणूस परत आलेला मी पाहिला आहे.

पाऊलवाट

शुक्रतारा, तुम्ही लिहिलेत हे फार चांगले केलेत. ऊब देणारी माणसे हसतमुखच असतात असे मी गृहीत धरले होते, आणि ते चुकीचे होते. तळमजल्यावरच्या आजींचेही काही दिवस असे असत की त्या दार उघडत नसत, आणि आपण मागे वळून आठवतो तेव्हा असे दिवस आठवणीतून गाळून टाकतो. निळे आभाळ यांनी सांगितलेले मला काहीच माहीत नव्हते. आता माझ्या ओळखीच्या दोन व्यक्तींकडे मी वेगळ्या नजरेने पाहीन.

उत्तररंग

माझे वय ८१ आहे. या चर्चेत ज्यांच्याविषयी बोलले जात आहे त्यांच्यापैकी मी एक आहे असे म्हणण्याचे धाडस करत नाही, परंतु पलीकडच्या बाजूने काही सांगू शकेन.

तरुणपणी मी प्रेमळ माणूस नव्हतो. घाईत असे. मुलांनी शाळेतली गोष्ट सांगायला सुरुवात केली की तिचा शेवट काय होणार हे मला आधीच कळलेले असे आणि मी तो त्यांच्या आधी सांगून टाकत असे. त्यांच्या तोंडची गोष्ट मी हिरावून घेतो आहे, हे मला तेव्हा कळले नाही. आज नात तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते तेव्हाही मला ती ऐकावीशी वाटते, कारण आता गोष्ट ऐकण्यापेक्षा ती सांगतानाचा तिचा चेहरा पाहण्यात मला अधिक रस आहे. मोरपीस यांनी ज्या मोजक्या काळाविषयी लिहिले आहे तो हाच असावा. मात्र मला तो टंचाईसारखा वाटत नाही. पूर्वी प्रत्येक भेटीच्या मागे पुढची काहीतरी कामे उभी असत. आता भेटीच्या मागे कोणी उभे नसते.

माझी पत्नी गेली त्याला नऊ वर्षे झाली. पहिली दोन वर्षे मी कोणाशी नीट बोललो नाही. त्या काळात शेजारचे एक गृहस्थ, जे माझ्याहून दहा वर्षांनी मोठे होते आणि ज्यांनी स्वतः पत्नी आणि मुलगा दोघांनाही गमावले होते, रोज संध्याकाळी माझ्या दाराशी येत आणि म्हणत, "मला एकट्याला जिना उतरायची भीती वाटते, जरा बरोबर चला." मी त्यांच्याबरोबर खाली जात असे, एक फेरी मारत असू आणि परत येत असू. पुष्कळ महिन्यांनी मी त्यांना एका सकाळी एकट्यानेच, कठड्याला हातही न लावता, जिना उतरताना पाहिले. मी त्यांना कधी काही विचारले नाही. त्यांनीही कधी काही सांगितले नाही. संध्याकाळची फेरी ते जाईपर्यंत चालू राहिली.

तेव्हा पाऊलवाट यांनी विचारले आहे की हे कुठून येते, त्याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे की ते दुसऱ्या एखाद्या म्हाताऱ्याकडून येते. मला ते त्या गृहस्थांकडून आले. माझ्यात ते मुळात होते असे मला वाटत नाही, आणि नुसत्या वयाने आले असते असेही वाटत नाही, कारण माझ्या बरोबरीचे काही जण वयाबरोबर अधिकाधिक कडवट होत गेलेले मी पाहिले आहेत. त्यांना दोष देत नाही. ज्याच्या दाराशी संध्याकाळी कोणी आले नाही, त्याने काय करावे?

आनंदी राहणे हे मला रोज ठरवून करावे लागते, हेही सांगतो. सकाळी उठल्यावर पहिला तासभर शरीर इतके दुखते की कोणी बोलू नये असे वाटते. म्हणून मी त्या तासात कोणाला भेटत नाही. माझ्या घरच्यांना हे माहीत आहे आणि ते माझा तो तास सांभाळतात. नंतर जो हसतमुख माणूस बाहेरच्यांना दिसतो, त्यात माझ्या घरच्यांच्या या समजुतीचा वाटा फार मोठा आहे.

आणि एक विनंती आहे. आमच्याकडे येता तेव्हा आमच्यासाठी काय आणू, असे विचारू नका. आमच्याकडून काहीतरी मागा. एखादे पत्र कसे लिहावे, बिघडलेले घड्याळ उघडावे की नाही, रडणाऱ्या बाळाला कसे धरावे, असे काहीही. आम्हाला विचारणे लोकांनी बंद केले आहे आणि ते आदरापोटी केले आहे, हे मला कळते. पण त्या आदराने आम्ही फार एकटे पडतो.

जुईचा वेल

उत्तररंग काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. "आमच्याकडून काहीतरी मागा" हे वाचताना मला झिंबाब्वेतल्या आज्या आठवल्या, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ फारच थोडे होते. डिक्सन चिबांडा नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी २००६ साली हरारे शहरात एक काम सुरू केले, आणि त्यांच्याकडे ना खोल्या होत्या ना प्रशिक्षित माणसे. होत्या त्या वस्तीत आरोग्यसेविका म्हणून वावरणाऱ्या चौदा आज्या. त्यांना बोलण्याची एक सोपी पद्धत शिकवण्यात आली आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवण्यात आले. ज्याचे मन जड झाले आहे त्याने येऊन त्या बाकावर आजीशेजारी बसायचे. नैराश्यासाठी तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द वापरतात, त्याचा अर्थ फार विचार करत राहणे असा होतो. आजी आधी त्या माणसाचे मन मोकळे करू देते, मग त्याला उभारी देते आणि मग त्याच्या अनेक अडचणींपैकी एकच निवडून तिच्यावर काय करता येईल हे त्यालाच शोधू देते.

हे काम केवळ हृद्य वाटते म्हणून सांगत नाही. त्याची रीतसर चाचणी झाली, चोवीस दवाखान्यांतील ५७३ रुग्णांवर, आणि २०१६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीची सेवा मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत बाकावर आलेल्या रुग्णांची लक्षणे सहा महिन्यांनंतर लक्षणीयरीत्या कमी होती.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट नावाची आहे. सुरुवातीला त्या बाकाला मानसिक आरोग्याचे बाक असे म्हटले जात होते आणि तिथे बसायला कोणी धजत नव्हते. मैत्रीचे बाक म्हणा, असे आज्यांनीच सुचवले. आज ते त्याच नावाने ओळखले जाते.

उत्तररंग

नाव बदलले ते आज्यांनी, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. आपण दुःखी आहोत असे कबूल करायला लावून मगच मदत देणे हे तरुणांचे काम झाले. माझ्या त्या शेजाऱ्यांनी मला "तुम्ही खचला आहात, चला" असे म्हटले असते तर मी दार लावून घेतले असते.

वाटसरू

नेदरलँड्समधील डेव्हेंटर या गावी हुमानिटास नावाचे वृद्धनिवास आहे. तिथे काही विद्यार्थ्यांना भाडे न घेता राहायला खोली मिळते आणि त्याबदल्यात त्यांनी महिन्याला तीस तास चांगला शेजारी म्हणून वागायचे असते. शुश्रूषा करण्याची अपेक्षा नसते, केवळ शेजारी असायचे. या व्यवस्थेकडे सहसा वृद्धांची सोय म्हणून पाहिले जाते, पण उत्तररंग काकांचे वाचल्यानंतर मला वाटते की परीक्षेत नापास होऊन रात्री परतलेल्या विद्यार्थ्याला, ज्याने आयुष्यात पुष्कळ नापास होणे पाहिले आहे असा माणूस शेजारच्या खोलीत जागा सापडतो, ही सोयही काही लहान नाही.

मोरपीस

शुक्रतारा यांच्या प्रतिसादाला धरून एक गोष्ट मांडायची राहिली होती. ज्यांची स्मृती जाते त्यांच्याबाबतही आपण असेच फसतो. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या सतरा रुग्णांना एकदा दुःखद आणि एकदा आनंददायक चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांनी त्यांना काय पाहिले हे फारसे आठवत नव्हते, पण त्यातून जागी झालेली भावना मात्र त्यांच्यात टिकून होती, अगदी अर्ध्या तासापर्यंत. म्हणजे आपण भेटून गेलो हे ज्या आजीला आठवत नाही, तिच्या मनात आपल्या भेटीचा आनंद आपण निघून गेल्यावरही राहतो. भेट वाया गेली असे समजून फेऱ्या कमी करणाऱ्या नातेवाइकांना हे कोणीतरी सांगायला हवे.

निळे आभाळ

वॉर्डातल्या अनुभवाशी हे पूर्ण जुळते. आणि उलट बाजूही खरी आहे, हे विसरू नये. खेकसून बोललेले शब्द विसरले जातात, पण त्यातून आलेली अस्वस्थता राहते, आणि मग रुग्ण दुपारभर विनाकारण चिडला आहे असे आपण नोंदवहीत लिहितो.

शुक्रतारा

दहा-बारा दिवसांनी परत आले आहे. सर्वांचे आभार, विशेषतः निळे आभाळ यांचे.

डॉक्टरांना दोन्ही प्रश्न विचारले. चेहऱ्याचा ताठरपणा आजाराचाच आहे असे ते म्हणाले, थोडी उदासीनताही आहे आणि तिच्यासाठी वेगळे औषध सुरू केले आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील. वाचा-उपचार पुढच्या महिन्यात सुरू होतील. बाबांना मी विचारले की तुमचा आवाज हळू झाला आहे हे तुम्हाला कळते का, तर ते म्हणाले की तुम्हीच सगळे बहिरे होत चालला आहात असे मला वाटत होते.

मुलाला मी समोर बसवून सांगितले की आजोबांच्या चेहऱ्याचे स्नायू आता त्यांचे ऐकत नाहीत, त्यामुळे ते हसत असले तरी आपल्याला दिसत नाही. त्याने हे फार गंभीरपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "मग आपल्याला कळणार कसं?" मला उत्तर सुचले नाही. तो उठून त्यांच्या खोलीत गेला. दारात उभा राहून त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही आत्ता हसताय का?" बाबांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "हो."

आता तो दिवसातून चार-पाच वेळा हे विचारायला जातो. काल बाबांनी "नाही" असे उत्तर दिले, तेव्हा तो त्यांच्या पलंगावर चढून बसला आणि शाळेतली एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून पुन्हा विचारले.